गुरुवारी तुमीच या की

मी मूळचा वाईचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझा दोष तेवढाच आहे. बाकीचा सगळा दोष सोलापूरचा.

अक्कलकोट नाक्याच्या बाहेर मुलींची मराठी शाळा आहे, तिचा मी हेडमास्तर. हेडमास्तर म्हणजे खाली कोणी मास्तर असतील असा आपला समज व्हायचा. तसं काही नाही. मास्तर मी एकटा, आणि मुलींना घरोघर जाऊन बोलावून आणायला चिमाबाई. पटावर मुली बेचाळीस. रोज येणाऱ्या पंचवीस, आणि हातमागवाल्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरायचं काम निघालं की अठरा. शाळा तिसरीपर्यंत. पुढे ज्या मुलीला शिकायचं असेल तिने काय करायचं, याचं उत्तर खात्याकडे नव्हतं, आणि मी दोन वर्षं अर्ज करकरून त्यांना ते विचारत होतो.

डिसेंबरात अखेर उत्तर आलं. सात जानेवारी, गुरुवार रोजी डेप्युटी साहेब तपासणीला येतील. त्या दिवशी चाळीस मुली हजर दिसल्या तर जूनपासून चौथीचा वर्ग मंजूर. चाळीसला एक जरी कमी पडली, तरी अर्ज कायमचा दप्तरी दाखल.

आता पटावरच्या बेचाळिसातल्या दोघी मामाकडे अकलूजला गेलेल्या. म्हणजे उरलेल्या चाळीसच्या चाळीस यायला हव्या होत्या. एकीला शिंक येऊन चालणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी आमच्याकडे दूध घालणारी केराबाई दारात उभी राहिली. धनगराची बाई, आवाज माळावरून माळावर जाईल असा. तिची सोनी माझ्या तिसरीत. मुलगी अशी चौकस, की एकदा तिने मला विचारलं, "गुर्जी, नकाशात सोलापूर हाय, मग नकाशातल्या सोलापुरात आपली शाळा हाय का?" मी त्यावर दोन दिवस विचार करत होतो.

केराबाई म्हणाली, "मास्तर, एक खरं सांगा. चौथी निघनार हाय का न्हाय?"

"का गं?"

"केम गावचं पावनं बसून हायत. सोनीला मागत्यात. आता तिसरी झाली, पोरगी घरात बसवून काय करू? चौथी निघाली तर त्यास्नी म्हनते थांबा. न्हाय निघाली तर जेष्ठात अक्षता."

मुलीचं वय अकरा. मी म्हणालो, "निघेल चौथी."

"निघंल म्हनू नका. निघनार का ते सांगा."

"निघणार!" मी म्हणालो. माणसाने संध्याकाळच्या वेळी, दूध हातात घेऊन, असे शब्द देऊ नयेत.

आता चाळीस मुली आणायच्या कशा? रात्रभर विचार केला, आणि पहाटे मला कल्पना सुचली. आमच्या मंडळींच्या मते मला पहाटे सुचलेल्या कल्पना दुपारपर्यंत झाकून ठेवाव्यात. पण ही कल्पना खरोखर उत्तम होती. मुलगी शाळेत येत नाही कारण आई पाठवत नाही. मग आईलाच बोलवायचं! प्रत्येक घराने आपल्या सणाचा एकेक पदार्थ करून आणायचा, तो सण कसा करतात ते सर्वांना सांगायचं. आई आली की मुलगी आलीच. साहेब खूश, चौथी मंजूर. शिवाय खरं सांगायचं तर मला स्वतःलाच भयंकर उत्सुकता होती. चार वर्षं मी या वस्तीत राहतो. शेजारच्या राजेश्शमच्या घरातून संक्रांतीला तिळाचा नि तळणाचा जो वास येतो, तो नेमका कशाचा, हे मला अजून ठाऊक नव्हतं. विचारायचं कसं? कोणी काय तळतं हे चारचौघांत विचारणं बरं दिसत नाही. सरकारी कामासाठी विचारलं तर दिसतं.

पहिला सल्ला आमचे घरमालक गुरुलिंगअप्पा यांचा आला. किराणा मालाचं दुकान, कपाळी भस्म, आणि नाक्यापलीकडे वीस एकर काळी जमीन. ते म्हणाले, "मास्तर, कल्पना चांगली हाय. पर आणलेलं खायचं कुणी? कोण कुणाचं खातंय ते आदी लिहून काढा."

मी लिहून काढलं. लिहिता लिहिता घाम फुटला. लिंगायत इतरांचं खाणार नाहीत. माझ्या मंडळींना लिंगायतांचं कोरडं चालेल, ओलं चालणार नाही. राजेश्शमच्या घरचे कोणाकोणाचं खातील हे कोणाकोणावर अवलंबून. मुल्लांच्या घरचा मलिदा सगळ्यांना आवडतो, पण आवडतो हे कोणी कबूल करणार नाही. शेवटी मी तोडगा काढला. पदार्थ खायचेच नाहीत, नुसते बघायचे! वर्गात खडूने अकरा रांगा आखायच्या, ज्याने त्याने आपल्या रांगेत बसून आपलं आपण खायचं आणि दुसऱ्याचं डोळ्यांनी बघायचं. मला त्या वेळी हा फार सुधारकी विचार वाटला होता.

मंडळी म्हणाल्या, "नैवेद्य दाखवतात तो देवाला. माणसांना नुसता दाखवलेला मी आजच ऐकते."

मी दुर्लक्ष केलं. घरातल्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करायची सवय मला बरीच महागात पडते, पण सवयच ती.

मग खात्याला परवानगीचा अर्ज. उत्तर आलं: "खाद्यपदार्थ हे शैक्षणिक साहित्य आहे काय, ते कळवावे." मी कळवलं, आहे. उत्तर आलं: "असल्यास डेडस्टॉक रजिस्टरला नोंद करावी व कार्यक्रमानंतर वस्तू शाबूत असल्याचा दाखला पाठवावा." शेंगाची पोळी डेडस्टॉकला कशी चढवायची, हा प्रश्न मी तीन दिवस उशाखाली घेऊन झोपलो. शेवटी "नमुने (नाशवंत)" असा नवा रकाना पाडला आणि त्याबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

यानंतर माझा खरा दौरा सुरू झाला. एक जाड वही केली. वर लिहिलं, "घरोघरचे सण: माहितीसंग्रह". चौदा रकाने. सणाचे नाव, तिथी, देवता, पदार्थ, कृती, गाणी, कोण रुसते, इत्यादी. पुढे चिमाबाई आणि मागे मी, असे आम्ही आठवडाभर हिंडलो. आणि काय सांगू, माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा आठवडा! राजेश्शमच्या आईने फुलांची उतरंड रचून बायका तिच्याभोवती फेर धरतात तो सण तेलुगूत सांगितला, सुनेने मराठीत सांगितला, आणि दोघी त्यातल्या एका फुलावरून भांडल्या. संक्रांतीचा तो वास तांदळाच्या पिठाच्या नि तिळाच्या तळलेल्या कड्यांचा निघाला. मुल्लाच्या बायकोने पडद्याआडून मलिद्याची कृती सांगितली, "गूळ कम नको घालू, मास्टरसाब, कंजूसी दिखती." केराबाईने तर सहा पानं भरवली. मी विचारत गेलो, ती सांगत गेली, मी मान खाली घालून लिहीत गेलो.

फक्त एक गोष्ट मला जरा चमत्कारिक वाटत होती. उठता उठता मी प्रत्येक घरी म्हणायचो, "मग येत्या गुरुवारी अकरा वाजता शाळेत यायचं हं, पदार्थ घेऊन."

आणि प्रत्येक घरी मला एकच उत्तर मिळायचं. "गुरुवारी? गुरुवारी तुमीच या की आमच्याकडं!"

केवढं अगत्य! मी वहीत समास सोडून लिहिलं, "येथील लोक स्वभावतः आतिथ्यशील." मग म्हणायचो, "अहो मी येतोच हो कधीतरी, पण तुम्ही गुरुवारी शाळेत." त्यावर बाई हसायची आणि म्हणायची, "बरं बरं. पर याच." कोणी नाही म्हणालं नाही. सोलापुरात तोंडावर कोणी नाही म्हणत नाही, हे मला चार वर्षांत समजायला हवं होतं.

बुधवारी शाळा सुटल्यावर सगळ्या मुली गेल्या. सोनी मागे राहिली. मी खडूने रांगा आखत होतो.

"गुर्जी, समदी येतील का उद्या?"

"न यायला काय झालं?"

"तसं न्हाय..." ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाली. "समदी आली न्हाईत तर?"

मी खाली वाकलेलो, कंबर धरलेली, सातवी रांग वाकडी गेलेली. मी म्हणालो, "तू ये म्हणजे झालं. बरोबर अकराला." आणि विसरून गेलो.

गुरुवार उजाडला. सकाळी मी आरशासमोर रुमाल बांधत असताना मंडळी स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या, मी "बरं बरं" म्हणालो आणि निघालो. रस्त्यात शुकशुकाट. दुकानांना फळ्या. गिरणीचा भोंगा तेवढा नेहमीप्रमाणे झाला. चिमाबाई शाळेवर नव्हती. मी म्हटलं, मुलींना आणायला गेली असेल. स्वतःच कुलूप उघडलं, हार टांगला, रांगांवरून एकदा नजर फिरवली.

साडेदहाला तांगा आला. डेप्युटी साहेब म्हणजे धारवाडकर. लांब काळा कोट, काळी टोपी, आणि चेहरा पोट बिघडलेल्या माणसाचा. पोट खरोखरच बिघडलेलं होतं. गेली सात वर्षं साहेब ताक नि भात यांवरच आहेत, हे त्यांच्या कारकुनाने आधीच कळवलं होतं. साहेब आत आले. अकरा रांगा बघितल्या. रांगांत कोणी नव्हतं.

"खांबेटे, मुली?"

"येतील साहेब. अकराची वेळ दिली आहे."

पावणेअकरा झाले. एक कुत्रं आलं, चौथ्या रांगेत बसलं आणि गेलं. साहेबांनी वेळ घालवायला म्हणून माझी वही उचलली. पानं उलटता उलटता एका पानावर थांबले, आणि मोठ्याने वाचू लागले. "केराबाई धनगर. सण: येळामावस्या, ऊर्फ वेळ अमावस्या. तिथी: मार्गशीर्ष अमावस्या. या दिवशी झाडून सगळी माणसे घरे बंद करून शेतात जातात. ज्यांना शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जातात. वाटेने जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत." साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अक्षर सुरेख आहे तुमचं. खांबेटे, आज तिथी कोणती?"

भिंतीवर कॅलेंडर होतं, खात्याचं. त्यावर नुसते इंग्रजी आकडे. मी बोटांवर मोजू लागलो आणि अमावस्येशी येऊन पोचलो. देवाशपथ सांगतो, पायाखालची फरशी सरकली.

तांगेवाला मायाप्पा दारातून म्हणाला, "समदी रानात हायत की, मास्तर. मीच तेवढा या सायबापायी राह्यलोय. निघायचं का? माजी बायको वाट बघत आसंल."

"साहेब," मी म्हणालो, "मी आत्ता जाऊन सगळ्यांना घेऊन येतो."

"आज कोणी येत नसतं," साहेब म्हणाले. का कोण जाणे, त्यांचा आवाज जरा बदलला होता. "आज जायचं असतं. चला."

अकराला पाच कमी असताना आम्ही निघालो. त्या गडबडीत मी शाळेला कुलूप लावायला विसरलो. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत हे एकदाच घडलं आहे.

नाक्यापलीकडे गुरुलिंगअप्पांच्या शेतात ज्वारी कणसाला आलेली. मधोमध कडब्याची खोप, तिच्यावर शालू पांघरलेला, आत चुना लावलेले पाच दगड, आणि भोवती, मी काय सांगू, माझी अख्खी शाळा! मुली, आया, आज्या, तान्ही पोरं. लांबूनच आरोळी उठली, "आलं, आलं! मास्तर आलं!"

गुरुलिंगअप्पा पुढे होऊन म्हणाले, "किती वाट बघायची मास्तर? घरोघरनं आवतन दिलंतं न्हवं?"

आणि खोपीच्या सावलीत पदर खोचून मिश्र भाज्यांची पातळ भज्जी वाढत कोण बसलं होतं? आमची मंडळी! मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "तुला ठाऊक होतं?"

"सकाळी सांगितलं की, अमावस्या आहे, मी अप्पांच्या शेतात जाते. 'बरं बरं' म्हणालात."

"अगं पण हे ओलं..."

"वाऱ्याने वाळतंय," ती म्हणाली आणि दुसऱ्या पानाकडे वळली.

आता खोटं कशाला बोलू? शेतातसुद्धा लोक थोडे थोडे अंतर ठेवूनच बसले होते. या बांधावर हे, त्या बांधावर ते, आणि काही माणसं पार लांब, लिंबाखाली. ते बघून मला माझ्या रांगा आठवल्या नि बरं वाटलं नाही. पण एक खरं, की वाडगी मात्र बांध ओलांडत होती. मुल्लाचा मलिदा कोणाच्या तरी पदराखालून लिंबापर्यंत गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला. माझ्या वहीत त्याला रकाना नव्हता.

साहेबांना मडक्यातली आंबील दिली. ज्वारीचं पीठ, आंबट ताक, लसूण. मी कारकुनाचं पत्र आठवून म्हणालो, "साहेबांना पथ्य आहे." साहेबांनी तोवर वाटी रिकामी करून पुढे धरली होती. मग ते गुरुलिंगअप्पांशी कानडीत बोलू लागले. आपल्या गावी आजी अशीच आंबील करायची, वकिली शिकलेल्या वडिलांनी शेत विकलं, तेव्हापासून तीस वर्षांत या दिवशी आपल्याला कोणी बोलावलं नाही, असं काहीसं. तपासणीला येणाऱ्या माणसाला जेवायला कोण बोलावणार? मला एकदम साहेबांची दया आली. मग आठवलं, चौथी यांच्याच हातात आहे.

"साहेब, हजेरी?"

"घेऊ. चालत चालत घेऊ."

त्यानंतरचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. मी हजेरीपट उघडून पुढे, साहेब मागे, आणि प्रत्येक बांधावर कोणीतरी वाट अडवून उभं. जेवल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही! इथे बाजरीचे उंडे, तिथे शेंगाची पोळी, पलीकडे गव्हाची गोड हुग्गी. दर बांधाला सात-आठ मुली सापडायच्या, मी खूण करायचो, साहेब खायचे. सात वर्षांचं पथ्य पाच बांधांत संपलं. मी मोजत होतो. एकवीस. अठ्ठावीस. चौतीस. एकोणचाळीस.

आणि पुढे बांध संपले.

पट पुन्हा बघितला. सोनी नव्हती. केराबाईला विचारलं तर तिच्या हातातलं भांडं थांबलं. "सोनी? ती हितं न्हाय? सकाळी फडक्यात उंडं बांधून, चंबूत आंबील घिऊन गेली. मला वाटलं, अप्पाच्या रानात हाय!" तिने दोन्ही तळवे तोंडाशी धरून हाक मारली. ज्वारीतून काही उत्तर आलं नाही. मग बायका उठल्या. कोणीतरी विहिरीकडे धावलं. केराबाई पुढे न जाता विहिरीच्या दिशेने नुसती बघत राहिली. तो चेहरा मला अजून आठवतो. चौथी, खातं, साहेब, काही मनात राहिलं नाही. विहिरीवरून ओरडून सांगितलं, इथे कोणी नाही, तेव्हा ती खाली बसली.

मायाप्पा म्हणाला, शाळेच्या रस्त्याने बघत जाऊ. साहेबांनाही शाळेत जाऊन भेटीच्या बुकात सही करायची होती. केराबाई तांग्यात चढली. वाटेत साहेब हळूच म्हणाले, "खांबेटे, मला हजेरी शाळेच्या जागेत घ्यावी लागते. शाळेत मोजली तर शून्य, शेतात मोजली तर एकोणचाळीस. कोणताही आकडा लिहिला तरी चौथी मिळत नाही." शाळेचं दार सताड उघडं दिसत होतं.

आत, तिसऱ्या रांगेत, धुतलेलं परकर-पोलकं घालून, समोर फडकं आणि चंबू ठेवून, मांडी घालून सोनी बसली होती.

केराबाईने आधी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरलं. "मेले, जीव गेला असता की माजा! हितं काय करतीस?"

"गुर्जी म्हनलं हुतं," सोनी म्हणाली. "तू ये म्हंजी झालं. बरोबर अकराला. मी आले तवा कुनीच नव्हतं. दार उघडं हुतं. उघडी शाळा टाकून कशी जाऊ?"

मी रुमालाने तोंड पुसलं. डोळेही पुसून घेतले.

"जेवलीस?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय. समद्यांनी मिळून खायचं हुतं न्हवं?"

साहेबांनी बूट काढले. मग तो एवढा डेप्युटी, लांब काळा कोट आवरत, तिसऱ्या आणि चौथ्या रांगेच्या बरोबर रेघेवर बसला. "वाढ," म्हणाला. पाच बांधांवर जेवलेला माणूस! तिने फडकं सोडलं, उंडा ठेवला, चंबूतली आंबील ओतली. नुसतं बघायचं असतं, हा माझा नियम सांगायला मी तोंड उघडलं आणि केराबाईने माझ्या हातातही एक उंडा ठेवला. गार झाला होता. मी खाल्ला.

सही करताना साहेबांनी बराच वेळ टाक दौतीत बुडवून धरला. मग लिहिलं: "आज शाळा दोन ठिकाणी भरलेली आढळली. शेतात हजर एकोणचाळीस. शाळेत हजर एक. एकूण चाळीस. चौथीची शिफारस करतो." खाली शेरा: "नमुने शाबूत राहिले नाहीत."

"म्हंजी निघनार?" केराबाई म्हणाली.

"निघणार," साहेब म्हणाले.

"मग केमवाल्यास्नी सांगते, थांबा म्हनून." आणि ती सोनीला घेऊन निघाली, शेतावर, कारण तिथली भांडी अजून घासायची होती. साहेब तांग्यात चढले तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाच्या मागे माझ्या खडूची आडवी पांढरी रेघ उमटलेली दिसली. सांगावं की न सांगावं, असा मी विचार करीपर्यंत तांगा नाक्यावर पोचला होता.

पुढच्या डिसेंबरात खात्याचं पत्र आलं, तेव्हा मी चौथीचा वर्ग घेत होतो. मी ते सोनीला मोठ्याने वाचायला दिलं. तिने अडखळत वाचलं: "आपल्या शाळेची तपासणी वेळ अमावस्येस होईल. स्थळ मागाहून कळवावे." इंग्रजी तारखेची जागा कोरी होती.

संध्याकाळी दूध घालायला आलेल्या केराबाईला मी ते मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "सोनीनं वाचून दावलं मला. मास्तर, अवंदा तरी वक्तशीर या, आंबील उरत न्हाय."